परवानगी तुमच्या नावावर होती

सर,

तुम्हाला जाऊन अजून आठवडाही झालेला नाही आणि मला नीट शोक करायला सवड मिळालेली नाही. उद्या रविवारी पुण्याला आपला सामना आहे. सॉफ्टबॉलच्या मैदानावर नऊ मुली उतरवाव्या लागतात आणि आज शनिवारच्या दुपारी माझ्या हाती आठच आहेत. नववी मिळाली नाही तर अंपायर सामना समोरच्या संघाला बहाल करतील, आणि प्राचार्यांनी मला बोलावून स्पष्ट सांगितले आहे की संघ उतरला नाही तर पुढच्या वर्षापासून मुलींचा खेळ बंद. आपल्या मैदानावर सायकल स्टँड होणार आहे. तुमची सगळी कारकीर्द एका मुलीपाशी येऊन अडली आहे.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत बसून हे लिहिते आहे. प्रात्यक्षिके संपली, उपकरणे कपाटात गेली, आणि डेमॉन्स्ट्रेटर या नात्याने कुलूप लावून घरी जाणे एवढेच माझे काम उरले आहे. उठवत मात्र नाही. तुम्ही कसे गेलात, कोणी काय बोलले, विहारात किती माणसे होती, ते इतर लिहितील. माझी अडचण वेगळी आहे. एखादे उपकरण वर्षानुवर्षे व्यवस्थित चालते, आणि ते बनवणारा निघून गेल्यावर कळते की आतली जोडणी कोणालाच ठाऊक नव्हती. तशी मी गेले चार दिवस तुमच्या संघाची जोडणी शोधत हिंडते आहे.

कॉलेजच्या फॉर्मवर पालकांच्या सह्या असत. मी बापडी त्यालाच परवानगी समजत होते. खरी परवानगी मात्र तुमच्या नावावर होती. दर आठवड्याला सायकल काढून तुम्ही दिघीपासून चिखलीपर्यंत घरोघर जात होता, ओट्यावर बसून पाऊसपाणी, बोनस, मुलाची नोकरी असले काहीबाही बोलत होता आणि उठता उठता म्हणत होता, "शनिवारी मॅच आहे. पोरीला मी नेतो, मी आणून सोडतो." त्या दोन "मी"वर संघ उभा होता. तुम्ही गेलात आणि सगळ्या घरांनी आपापले दार हळूच ओढून घेतले.

आपली कॅचर कमल हिच्या आईकडे मी पहिल्यांदा गेले. नळावर भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "सर होते म्हणून पाठवत होते गं मी. आता कोणाच्या भरवशावर पाठवू?"

"माझ्या."

"तुझ्या?" त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "तुझंच लग्न व्हायचंय अजून. तुझ्या आईला विचार आधी, ती तुला कोणाच्या भरवशावर सोडते ते."

आतून कमल ओरडली, "आई, ताईंचा पगार आपल्या बापूंपेक्षा जास्त आहे!"

"मग काय पगार चाटू? रात्रपाळीहून माणूस घरी यायच्या आत ही दारात दिसली पाहिजे, एवढं बघ."

एवढ्यावर कमल मिळाली. बाकीच्याही अशाच, एकेक अट घालून मिळाल्या. दिघीच्या मुलीला तिचा भाऊ पोहोचवणार आहे. तो आमच्याशी बोलणार नाही, पण पोहोचवणार आहे. मी शब्द देत गेले. शब्द देताना तुमची छाती अशीच धडधडत असे का, हे तुम्हाला विचारायचे राहून गेले.

तुमच्यासोबतचे माझे पहिले वर्ष आठवते. आणीबाणी नुकतीच उठली होती आणि मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गात होते. कंपनीच्या भिंतीमागची कॉलेजची खडकाळ जागा तुम्ही मैदान म्हणून मागून घेतली होती. सरावाआधी प्रत्येकीने ओंजळभर दगड वेचून कडेला टाकायचे, हा तुमचा नियम. बेस म्हणजे फाउंड्रीतली जळकी वाळू भरलेली गोणपाटे. त्यांवर घसरले की गुडघ्यापासून टाचेपर्यंत काळे व्हायला होई. मुलींनी पाय उघडे टाकून खेळायला घरे तयार नव्हती, म्हणून तुम्ही आमच्या वडिलांच्या जुन्या गणवेशाच्या निळ्या ड्रिलच्या पँटी आम्हाला शिवायला लावल्या. पुण्याच्या संघाने पहिल्यांदा आम्हाला पाहिले तेव्हा त्यांच्यातली एक जण ओरडली होती, "आल्या बघा, ओव्हरटाइमला आल्या!" आम्ही शरमलो. तुम्ही मात्र तिला हात जोडलेत आणि म्हणालात, "हो ना. डबल रेट लावणार आहोत."

डबल रेट काही लागला नाही. त्याच सामन्यात, आम्ही क्षेत्ररक्षणाला असताना जवळच्या कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला. आपल्या मैदानावर भोंगा म्हणजे सराव संपला. शिफ्ट सुटली की माणसांचा लोंढा मैदानातूनच बसकडे जाई, म्हणून भोंगा वाजताच सगळे टाकून कडेला पळायचे, ही तुम्हीच लावलेली सवय. चेंडू हवेत होता. मी तेव्हा कॅचर, मी मुखवटा काढला, बाकीच्यांनी ग्लव्ह टाकले आणि अख्खा संघ एखाद्या कवायतीसारखा कडेला येऊन उभा राहिला. समोरच्या मुली बेसवरून बेसवर रमतगमत पळत राहिल्या. अंपायरने तुमच्याकडे पाहिले. "शिफ्ट सुटली, साहेब," असे तुम्ही म्हणालात आणि इतके हसलात की तुम्हाला खाली बसावे लागले. सर, मला त्या दिवशी हरण्याची भीती वाटायची थांबली. आता ती परत आली आहे आणि ती घालवायला तुम्ही नाहीत.

तुमचे ऋण मी एका दुसऱ्याच प्रसंगाने मोजते. रंजना संघात आली तेव्हा मी खेळाडू उरले नव्हते, तुमच्या मदतीला येत होते, आणि तिचे चेंडू डोक्यावरून जात. ती पिचर, हात पूर्ण वर्तुळात फिरवून कमरेपाशी चेंडू सोडायचा, पण तिचा उशिरा सुटे. तुमचे म्हणणे, मनगट कच्चे आहे. माझे म्हणणे, पाऊल लांब पडते. मी प्रयोगशाळेतून स्टॉपवॉच आणले, भिंतीवर खडूने रेघा मारल्या, तिला भिंतीला समांतर उभे केले आणि चेंडू कोणत्या रेघेपाशी सुटतो ते कमलला सांगायला लावले. दोन दिवस तुम्ही लांबून पाहत होता. तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालात, "रंजना, पाऊल आखूड टाक. माझं चुकलं होतं. शास्त्रज्ञबाईंचं बरोबर आहे." आमच्या विभागात माझे निष्कर्ष आजही दुसऱ्यांच्या नावाने पुढे जातात. माझ्या मोजमापावरून एखादा पुरुष सर्वांदेखत आपले मत बदलतो, हे मी त्यानंतर पुन्हा पाहिलेले नाही.

आणि तरीही आपले एक भांडण अर्धवट राहिले आहे. तेच आज माझ्या मानगुटीवर बसले आहे.

रंजनाचे घर चिखलीचे, जुने शेतकऱ्याचे. तुमचे घर आणि माझेही कामगार वसाहतीतल्या बुद्धविहारामागचे. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांना, तात्यांना, भेटायला जाताना तुम्ही मला बरोबर नेले होते. बोलणे चांगले झाले. मग चहा आला. तात्यांना स्टीलच्या पेल्यात, आपल्याला दाराबाहेरच्या कोनाड्यातून काढलेल्या दोन कपांत. एकाचा कान तुटलेला. तो तुम्ही उचललात. चहा संपवलात, बाहेरच्या रांजणातले पाणी घेऊन कप विसळलात आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घातलात. जणू हे तुमच्या हाताला नेहमीचे होते. माझ्या चहावर साय धरली तरी मी कपाला हात लावला नाही.

परतताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होता.

"तुम्ही तो कप धुऊन ठेवलात, सर."

"मग काय, खरकटा ठेवू?"

"तुम्ही कॉलेजात शिकवता."

"आणि ती पिचर आहे. या उन्हाळ्यात तिला उजवायचं ठरत होतं, ठाऊक आहे? मी जाऊन बसतो, चहा पितो, आणि ते लग्न पुढच्या उन्हाळ्यावर जातं. माझं काय झिजतं?"

"आपल्या आईबापांनी असल्या कपांना लाथ मारून गाव सोडलं."

"सोडलं ना? म्हणूनच तर मी तिथं जायला भीत नाही. मी गिऱ्हाईक म्हणून जातो, शास्त्रज्ञबाई, कुळ म्हणून जात नाही."

"तुम्ही कप विसळताना रंजना दारात उभी होती. ती यातून काय शिकली?"

पुढचा चढ संपताच तुम्ही सायकलीवर बसलात आणि म्हणालात, "उद्या सरावाला वेळेवर ये." त्यानंतर तो विषय आपण दोघांनीही काढला नाही. तुम्ही जात राहिलात. रंजना खेळत राहिली. तिचे लग्न खरोखरच दोन उन्हाळे लांबले. तुमच्या पद्धतीच्या बाजूने हा पुरावा आहे आणि मी तो नाकारत नाही.

आता आजची सकाळ सांगते.

एकटीच गेले होते. तात्या ओट्यावर होते. मला पाहून त्यांनी टोपी काढली आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले. "लई चांगला मानूस गेला. आमच्या घरात सराचं नाव निघतं रोज."

मी उभीच होते. ते पुढे म्हणाले, "एवढा शिकलेला, पन कधी पायरी सोडली न्हाई त्यानं."

सर, हे वाक्य तुमच्यापर्यंत पोहोचवावे की नाही याचा मी येताना सगळ्या रस्त्यात विचार केला. वादात माझी बाजू खरी ठरली होती. पण असा पुरावा हातात आल्यावर आनंद होत नाही. तुम्ही ज्याला तुमची चतुराई समजत होता, ती त्या ओट्यावर तुमची पायरी म्हणून नोंदली गेली होती. आणि त्या माणसाच्या डोळ्यांतले पाणी खोटे नव्हते, हे त्याहून अवघड.

मी उद्याच्या सामन्याचे बोलले. ते म्हणाले, "आमची जमीन कंपनीला गेली, आता पोरी बी जायच्या व्हय? पन सराचा शब्द व्हता. बघू. बस की, च्या घे." रंजनाच्या आईने दाराच्या आतून हात लांबवून कोनाड्यातला कप घेतला. तोच, कान तुटलेला. तिने चहा भरून माझ्यापुढे ठेवला आणि पदर सावरत मागे सरकली. तिच्यामागे अंधारात रंजना होती.

मला हिशेब सरळ दिसत होता. एक कप चहा, आणि नववी मुलगी. तुम्ही एका घोटात सोडवला असता.

"चहा नको," मी म्हणाले.

"का? सर घ्यायचे."

"सर घ्यायचे, तात्या. मला तुम्ही घेता त्या पेल्यात दिलात तर मीही घेईन."

गोठ्यात म्हैस खूर आपटत होती. तात्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "मग पोरगी न्हाई यायची," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर मला भांडता आले असते.

म्हणून आठ. मी बरोबर वागले याबद्दल मला शंका नाही. पण बरोबर वागण्याची किंमत माझ्याऐवजी आठ मुली, आणि आत अंधारात उभी असलेली नववी, भरणार आहेत. मला तर पुढच्या महिन्यात मुंबईला संशोधनाच्या जागेसाठी मुलाखतीला जायचे आहे. संघ मोडला तरी माझे काही अडत नाही, आणि नेमके तेच मला बोचते आहे. तुमचे काही झिजत नव्हते असे तुम्ही म्हणालात. ते खरे होते का, सर? की इतकी वर्षे झिजूनच तुम्ही असे अचानक गेलात? मला रागवायला तरी तुम्ही हवे होता.

कुलूप लावते. शिपाई दोनदा डोकावून गेला.

*

रविवार, दिवे लागायची वेळ.

सर, हे कसे घडले ते क्रमाने सांगते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

आठ जणी बसने पोहोचलो. पुण्याच्या मुली आधीच सराव करीत होत्या. अंपायरनी आमच्याकडे बोट फिरवत मोजले आणि घड्याळ पाहिले. "दहा मिनिटं देतो. सरांचं कळलं, वाईट झालं. पण नियम नियम आहे." मी मान डोलावली. कमल माझ्या कानाशी लागली, "ताई, तुम्हीच निळी पँट घाला ना. तोंडावर मुखवटा चढवला की कोण ओळखतंय?" मी तिला दरडावले, पण क्षणभर मनात मापे घेतली होती, हे तुमच्यापासून लपवत नाही.

वेळ संपत आली आणि फाटकापाशी दुधाचा टेम्पो थांबला. रिकाम्या कॅनांमधून रंजना खाली उतरली. निळी पँट घरूनच घालून आली होती. एरवी ती कॉलेजात बदलते. पळत आली, माझ्याकडे न पाहता बूट बांधत म्हणाली, "मी आधी बॅटिंगला नको, ताई. दम लागलाय."

ती येण्याने सामना झाला, एवढेच महत्त्वाचे. आपण एका धावेने हरलो. शेवटच्या डावात रंजनाचे पाऊल पुन्हा लांब पडायला लागले आणि मी बाहेरून ओरडत राहिले. पण अंपायरच्या कागदावर नऊ नावे आहेत. प्राचार्यांना आता मैदान काढून घेता येणार नाही. निदान या कारणासाठी तरी नाही.

बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली.

"तात्यांनी पाठवलं?" मी विचारले.

"न्हाई."

"मग चोरून आलीस?"

"तसं बी न्हाई. तुम्ही गेल्यावर ते कुणाशी बोललेच न्हाईत. रात्री जेवताना मी इचारलं, उद्या जाऊ का. आयुष्यात पहिल्यांदा इचारलं, ताई. दर टायमाला सरच इचारायचे."

"काय म्हणाले?"

"कायच न्हाई. भाकरी मोडत बसले. सकाळी बी गप. मग मी त्यांच्यासमोरूनच निघाले."

"उत्तर न देणं म्हणजे नकारच, रंजना."

"असंल. न्हाई म्हनायला त्यांना तोंड व्हतं की."

तुम्ही तिच्या वतीने विचारत होता, मी तिच्या वतीने नाकारून आले होते. आपले भांडण इतके मोठे होते की त्यात तिला बोलायला जागाच उरली नव्हती. आपण दोघेही तिच्या घरी कितीदा तरी गेलो. तिला काय हवे, असे त्या ओट्यावर कोणी विचारलेले मला आठवत नाही. तुम्ही असता तर यावर काहीतरी खोडसाळ बोलला असता आणि मी चिडले असते. आज चिडायला कोणी नाही.

बाकीच्या मुलींना घरोघर सोडून झाल्यावर चिखलीच्या फाट्यावर मी तिच्याबरोबर उतरले. प्रत्येक मुलीला तिच्या दारापर्यंत सोडायचे, हा तुमचा नियम. तो मोडायची माझी हिंमत नव्हती. तिनेच मला थांबवले.

"तुम्ही येऊ नका, ताई. तुम्ही आलात की ते तुमच्याशी भांडतील. आज माझ्याशीच बोलू देत."

"आणि मारलं तर?"

"आजवर मारलं न्हाई." निघता निघता ती म्हणाली, "उद्याचं काय सांगू?"

मी तिला जाऊ दिले. तुम्ही सायकल तिच्यामागे घातली असतीत, मला ठाऊक आहे, आणि कदाचित तेच शहाणपणाचे होते. ती मैदानावर उद्या येईल का, तिच्या लग्नाची बोलणी या आठवड्यातच सुरू होतील का, मी तिला मोकळे सोडले की एकटे पाडले, हे मोजायला माझ्याकडे साधन नाही.

फाट्यावर उभी राहून मी पाहत होते. समोरून कडब्याची बैलगाडी येत होती. गाडीवानाने तिचे कपडे पाहून बैल थांबवले आणि विचारले, "कुठनं गं, पोरी, ह्या अवतारात?"

"मॅच खेळून आले, आबा!" ती म्हणाली. मला एवढ्या लांब स्पष्ट ऐकू आले.

"जितली का?"

"हारलो आमी!"

हरल्याचे इतक्या खणखणीत आवाजात सांगताना मी कोणाला ऐकले नव्हते, सर. गाडी पुढे गेली, ती चालत राहिली. पुढे रस्ता वळतो. फाट्यावरून तिचे घर दिसत नाही.